श्वास अडतो तेव्हा जागं कोण असतं?

उदगीरच्या मोंढ्यात दिवसभर तूर-उडदाच्या पोत्यांमध्ये उभा राहिलेला माणूस रात्री जेवून आडवा होतो आणि पाच-दहा मिनिटांत घोरायला लागतो. घरातले म्हणतात, ‘दमलंय बिचारं, लागू द्या झोप.’ आवाज भिंतीपलीकडं गेला की पोरं हसतात, बायको कूस बदलते, आणि म्हातारी सांगते की याचा बापही असाच घोरायचा. घोरणं म्हणजे गाढ झोप, हे आपल्याकडं इतकं पक्कं ठरून गेलंय की त्या घोरण्यात मधेच एक शांतता येते, तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. उलट आवाज थांबला म्हणून शेजारच्याला बरंच वाटतं. लक्ष द्यायचं असतं ते नेमकं तिथं.

त्या शांततेत माणसाच्या आत हवा जात नसते. श्वास घ्यायची धडपड चालू असते, पण घसा मिटलेला असतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी कधी मिनिटभरसुद्धा. मग घशातून एक मोठा आवाज फुटतो, अंग दचकतं, दोन-चार मोठे श्वास होतात आणि घोरणं पुन्हा सुरू. एका रात्रीत हे शंभर-दोनशे वेळा घडलं तरी सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे हा घसा मिटण्याचा, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया.

२०२२ च्या फेब्रुवारीत हे नाव बातम्यांतून घरोघर पोचलं. १५ फेब्रुवारीच्या रात्री मुंबईत जुहूच्या एका रुग्णालयात संगीतकार बप्पी लाहिरी यांचं निधन झालं. वय ६९. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया आणि छातीचा वारंवार होणारा संसर्ग यांचा उल्लेख केला होता. जवळपास महिनाभर रुग्णालयात काढून ते आदल्या दिवशीच घरी आले होते. बातमी वाचून अनेकांनी मनाशी असंच धरलं असेल की हा मोठ्या शहरातल्या, वजनदार, पैसेवाल्या माणसांचा आजार. तो समज काढून टाकावा, म्हणून मुंबईतलंच एक जुनं काम सांगतो.

हिंदुजा रुग्णालयातले छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. हे पुरुष आजारी म्हणून आलेले नव्हते, नेहमीची आरोग्य तपासणी करून घ्यायला आले होते, म्हणजे स्वतःला धडधाकट समजणारेच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडतो असं दिसलं, आणि दिवसाच्या झोपाळूपणासकट पूर्ण आजार ७.५ टक्क्यांना होता. पुढं २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला: भारतात प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के, पुरुषांत १३ आणि बायकांत ५. काम करण्याच्या वयातले सुमारे १० कोटी ४० लाख लोक. हे ढोबळ अंदाज आहेत आणि शहर-खेड्यात फरक असणारच. तरी लाखावर वस्तीच्या उदगीरला हा हिशेब लावून पाहिला तर आकडा हजारांत जातो. यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झालंय याची कल्पनाही नसणार, कारण हा आजार रोग्यापासूनच लपलेला राहतो. तो दिसतो फक्त शेजारी जाग्या असलेल्या माणसाला.

घसा मिटतो कसा, हे विहिरीवर मोटार बसवलेल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. सक्शनच्या बाजूला कडक पाईपच लागतो. तिथं लपेटा पाईप जोडला तर मोटार सुरू होताच ओढीनं तो चपटा होऊन चिकटतो आणि पाणी येत नाही. आपल्या श्वासाच्या वाटेत नाकाच्या मागच्या भागापासून स्वरयंत्रापर्यंतचा पट्टा असा लपेट्यासारखा आहे. खाली श्वासनलिकेला कुर्चेच्या कड्या आहेत, वर नाकाला हाडाचा आधार आहे, मधल्या घशाला मात्र फक्त स्नायूंनी ताणून धरलेलं असतं. आणि तो आहे नेमका ओढीच्या बाजूला, कारण श्वास घेताना छाती हवा आत खेचते.

जागेपणी हे स्नायू ताठ असतात. झोप लागली की सैल पडतात. उताणं झोपलं की जीभ आणि पडजीभ मागं कलंडतात. मानेभोवती चरबी असेल, खालचा जबडा लहान असेल, टॉन्सिल मोठे असतील, तर वाट आधीच अरुंद असते. अरुंद वाटेतून हवा जाताना मऊ भाग थरथरतात, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की थरथरायला काही उरत नाही, म्हणून शांतता. दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल तर स्नायू आणखी सैल होतात; ज्या रात्री घेतली त्या रात्री घोरणं वाढतं, हे बायकांना डॉक्टरांआधी माहीत असतं. बारीक माणसालाही हे होऊ शकतं. आपल्या लोकांत तर पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनातच हा आजार दिसतो, तेव्हा ‘माझं कुठं वजन आहे’ म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

श्वास अडला की रक्तातला प्राणवायू उतरू लागतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. मेंदू झोपेतच धोक्याची हाक देतो. अ‍ॅड्रेनालिन सुटतं, नाडी आणि रक्तदाब उसळतात, काही सेकंद मेंदू अर्धवट जागा होतो, घशाचे स्नायू ताणले जातात आणि वाट उघडते. जीव वाचतो, पण झोप मोडते. माणूस डोळेही उघडत नाही, तरी झोपेची खोली गेलेली असते. एरवी रात्री रक्तदाब थोडा खाली येऊन हृदयाला विसावा मिळतो, तो इथं मिळत नाही. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर डॉक्टरांनी झोपेची चौकशी करावी, ती यासाठीच. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजारातही हाच प्रश्न विचारावा लागतो.

आता पाहायचं कसं ते नीट सांगतो, कारण सगळी भिस्त त्यावरच आहे.

झोप लागल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात पाहून ‘काही नाही’ असं ठरवू नका. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात आणि तसली झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्यामुळं पहाटे तीन-चारच्या सुमाराला, माणूस उताणा असताना पाहिलं तर जास्त दिसतं. खोलीत मंद उजेड असावा आणि अंगावरचं पांघरूण छातीखाली घ्यावं. आधी नुसतं ऐका. घोरणं एका लयीत, संथ आणि सारखं चालू असेल तर ते बहुधा साधं घोरणं. चढत चढत जाऊन एकदम तुटत असेल तर मोबाइलवर सेकंद मोजायला लागा. दहा सेकंदांवर श्वास थांबला तर वैद्यकाच्या हिशेबात तो एक अ‍ॅप्निया. नाकातोंडासमोर हाताची मागची बाजू धरली तर हवा लागते की नाही ते कळतं.

त्याच वेळी छातीपोटाकडं पाहा. घसा मिटला असेल तर छातीपोट थांबलेलं नसतं, जोर लावत असतं. पोट वर येतं तेव्हा छाती आत जाते, छाती वर आली की पोट आत. गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जातो. हे झटापटीचं दृश्य पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, आणि घाबरावं असंच ते असतं. ओढ प्रत्येक वेळी वाढत जाते, आणि मग ‘घर्रर्र’ करून श्वास सुटतो. बहुतेक वेळा हात किंवा पाय झटकला जातो, मान हलते, माणूस कूस बदलतो. मान आणि छाती घामानं ओली झालेली असते, पंखा चालू असला तरी. हे पाच मिनिटांत किती वेळा झालं ते लिहून ठेवा, आणि जमलं तर छाती आणि चेहरा दोन्ही येतील असा आवाजासकट व्हिडिओ घ्या. त्या माणसाला सकाळी दाखवा. जो वर्षानुवर्षं ‘मी घोरत नाही’ म्हणतो त्याला स्वतःचाच श्वास अडताना दिसला की पुढचं बोलणं सोपं जातं.

एक प्रकार वेगळा आहे, तोही ओळखता यावा. श्वास थांबला आणि छातीपोटही अगदी स्थिर राहिलं, धडपडच नाही, तर मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाहीये. याला सेंट्रल अ‍ॅप्निया म्हणतात. हृदय अशक्त झालेल्या काही रुग्णांत श्वास हळूहळू मोठा होत जातो, मग लहान होत होत थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. अफूजन्य वेदनाशामक औषधांनीही श्वास असा थांबू शकतो. याचे उपचार वेगळे असतात, म्हणून ‘श्वास थांबतो’ एवढंच न सांगता छाती हलत होती की नव्हती तेही डॉक्टरांना सांगावं.

श्वास थांबलेला दिसला की माणसाला कुशीवर वळवावं, एवढ्यानं बहुतेक वेळा वाट मोकळी होते. हलवूनही जाग येत नसेल, ओठ निळे पडले असतील, श्वास परत येत नसेल, तर मात्र वाट न पाहता १०८ ला फोन लावायचा.

करोनाच्या काळात घेतलेला बोटावरचा ऑक्सिमीटर अजून बऱ्याच घरांत कपाटात पडून आहे. त्याचा थोडा उपयोग होतो, पण वाचायचा कसा ते माहीत पाहिजे. दिवसा जागेपणी ९७-९८ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण जागेपणी घसा उघडाच असतो. रात्री बोटाला लावला तर आकडा ९५ वरून ८८, पुन्हा ९४, पुन्हा ८५ असा करवतीच्या दातांसारखा खालीवर होताना दिसू शकतो. आणि गंमत अशी की सर्वांत खालचा आकडा श्वास अडलेला असताना दिसत नाही, श्वास परत सुरू झाल्यावर दिसतो. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला आणि यंत्राला सरासरी काढायला वेळ लागतो. त्यामुळं ‘श्वास तर चालू होता, मग यंत्र बिघडलंय’ असं म्हणून ते बाजूला ठेवू नका. मात्र आकडे चांगले आले म्हणून आजार नाही, असंही त्यावरून म्हणता येत नाही. काही जणांचा प्राणवायू फार उतरायच्या आतच त्यांची झोप मोडते.

हे सगळं पाहायला कुणीतरी जागं हवं, आणि अडचण तिथंच येते.

आपल्याकडं पन्नाशी उलटली की नवरा-बायको बहुधा एका खोलीत झोपत नाहीत. तो बाहेरच्या बैठकीत किंवा ओसरीवर, ती आत नातवंडांजवळ. त्याचं घोरणं हेच वेगळं झोपण्याचं कारण असतं, आणि ज्या वयात हा आजार वाढतो त्याच वयात शेजारचा माणूस उठून जातो. मुलं पुण्याला किंवा हैदराबादला कामाला गेलेली. म्हातारा एकटा शेतातल्या खोलीवर. घोरण्याचा आवाज भिंतीतून ऐकू येतो, शांतता मात्र ऐकू येत नाही. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायला जातं, तेव्हा पुन्हा सगळे जवळ येतात. त्या दिवसांत पाण्याला किंवा लघवीला उठलेल्या माणसानं बाबांकडं, काकांकडं दोन मिनिटं थांबून पाहावं. लग्नाघरी एका खोलीत दहा जण झोपतात, तिथं किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसानंही आधी हे पाहिलेलं असतं. ‘काका, तुमचा दम अडकत होता बरं का’ असं कुणी म्हणालं तर रागावू नका. तेवढंच निदान कदाचित वर्षानुवर्षं कुणी केलेलं नसेल.

बाईच्या बाबतीत तर हे अधिक अवघड. ती सगळ्यांच्या नंतर झोपते आणि सगळ्यांच्या आधी उठते, मग तिला झोपलेलं पाहणार कोण? बाई घोरते हे सांगायला घरातलेच लाजतात, लेकीच्या लग्नाच्या बोलणीत तर कुणी चकार शब्द काढणार नाही. पाळी गेल्यानंतर बायकांत या आजाराचं प्रमाण वाढतं. शिवाय त्या डॉक्टरांकडं घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत. झोप लागत नाही, रात्री मधेच जाग येते, सकाळी डोकं ठणकतं, अंगात त्राण नाही, मन लागत नाही, असं सांगतात. मग ताकदीची इंजेक्शनं होतात, कधी झोपेची गोळी दिली जाते, आणि काही गोळ्या घसा आणखी सैल करतात. चाळिशी-पन्नाशीच्या बाईनं अशी तक्रार केली तर घरातल्या कुणी तरी, सुनेनं, लेकीनं, बहिणीनं, एक रात्र तिच्याजवळ जागून काढावी, असं मला मनापासून वाटतं.

शेजारी कुणीच नसेल तर स्वतःला कळणाऱ्या खुणाही आहेत. त्यात सर्वांत दुर्लक्षित खूण म्हणजे रात्री लघवीला उठणं. मिटलेल्या घशाविरुद्ध छाती ओढ लावते तेव्हा छातीच्या पोकळीतला दाब खूप उतरतो, हृदयाकडं जास्त रक्त खेचलं जातं आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. अंगात पाणी जास्त झालंय असं हृदयाला वाटतं, ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकू लागतात. म्हणून माणूस दोनदा-तीनदा उठतो. तो समजतो साखर वाढली, शेजारी सांगतो प्रोस्टेट असेल. दोन्ही तपासून घ्यावंच, पण दोन्ही ठीक निघालं तर झोपेकडं वळावं. दोन्हींपैकी एक सापडलं तरीही झोपेचा प्रश्न विचारायला हरकत नाही, कारण मधुमेह आणि अ‍ॅप्निया पुष्कळदा एकाच घरात राहतात.

दुसरी खूण म्हणजे गुदमरून दचकून उठणं. काही जण छातीत आग होतेय म्हणून उठतात आणि आम्लपित्ताच्या गोळ्या खात राहतात. तोंड आणि घसा कोरडाठाक असतो, उशीवर लाळ पडलेली असते. सकाळी डोकं जड असतं, ते दोन-तीन तासांत आपोआप उतरतं. आठ तास झोपूनही झोप झाली असं वाटत नाही. दिवसाच्या खुणा तर सगळ्यांना ठाऊक आहेत: दुकानात गिऱ्हाईक नसलं की डुलकी, कीर्तनात डुलकी, जेवणानंतर मोटारसायकल चालवताना डोळ्यांवर झापड. या शेवटच्या खुणेला मात्र हसू नये. हा आजार असलेल्या चालकांकडून अपघात होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असतो, असं जगभरच्या अभ्यासांत दिसलंय. रात्रीची ट्रॅव्हल्स, ट्रक, ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवणाऱ्यांची रक्तदाबाइतक्याच गांभीर्यानं झोपेचीही तपासणी व्हायला हवी.

वैद्यकाला हा आजार उशिरा सापडला, त्याचंही कारण हेच. डॉक्टर माणसाला दिवसा, जागा असताना पाहतो. अतिशय स्थूल, दिवसभर पेंगणाऱ्या माणसांची वर्णनं जुनी होती. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सनं १८३६-३७ साली एका कादंबरीत असा एक पेंगणारा पोरगा रंगवला होता, आणि १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी त्या कादंबरीवरूनच एका विकाराला नाव दिलं. पण तेव्हाही समजूत अशी की जास्त वजनामुळं श्वास कमी पडतो आणि म्हणून झोप येते. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांना रात्री तारा लावून मेंदू आणि श्वास यांची एकत्र नोंद घेतली, तेव्हा कळलं की श्वास रात्रभर पुन्हा पुन्हा अडतोय आणि झोप मोडतेय. घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जे पाहत होत्या ते अशा रीतीनं कागदावर आलं.

दवाखान्यात आजही काय होतं पाहा. डॉक्टर विचारतात, ‘झोप कशी लागते?’ तो म्हणतो, ‘पडलो की लागते बघा, कसलाच त्रास नाही.’ शेजारी बसलेली बायको हळूच म्हणते, ‘आवो, सांगा की, मधीच दम अडकतो म्हून. मी हलवून उठवते यांना.’ आणि तो म्हणतो, ‘तू गप गं, कायपण सांगतीस.’ डॉक्टरांनी त्या क्षणी खुर्ची तिच्याकडं वळवावी आणि तिला नीट विचारावं. तिचं ते वाक्य केसपेपरवर लिहिलं गेलं पाहिजे, रक्तदाबाच्या आकड्याशेजारी. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये तयार केलेली आठ प्रश्नांची चाळणी आज जगभर वापरतात. घोरण्याचा आवाज, दिवसाचा थकवा, कुणी श्वास थांबताना पाहिलंय का, रक्तदाब, वजन, पन्नाशी ओलांडलीय का, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आहे का, आणि पुरुष आहे का. यातल्या तीन किंवा अधिक प्रश्नांना हो असेल तर पुढची तपासणी करून घ्यावी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस सोबत नेला नाही तर ती चाळणी अर्धी रिकामी राहते. उदगीरहून लातूरला किंवा नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडं जाताना गाडीभाडं वाचवायला माणसं एकटी जातात. या आजारापुरतं तसं करू नये.

तपासणी एका रात्रीची असते. पूर्ण तपासणीत डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला आणि पायांना तारा लावतात, छातीपोटाला पट्टे बांधतात, नाकाखाली हवा मोजणारी नळी असते. दुखत काही नाही. घरी नेऊन लावायचं लहान यंत्रही मिळतं. पुष्कळ रुग्णांना तेवढं पुरतं, आणि आपल्या पलंगावर, आपल्या उशीवर झोपता येतं. तासाला किती वेळा श्वास अडला किंवा बराच कमी झाला त्याचा आकडा येतो: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढं तीव्र. ३० म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा.

उपचारांबद्दल थोडक्यात सांगतो. १९८० पर्यंत तीव्र आजाराला गळ्याला भोक पाडण्यावाचून फारसा इलाज नव्हता. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून नाकावाटे हवेचा सौम्य दाब दिला आणि १९८१ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. वरच्या लपेट्याच्या हिशेबात सांगायचं तर त्यांनी ओढीच्या बाजूला दाब दिला आणि पाईप आतून फुगून उघडा राहिला. हेच सीपॅप यंत्र. त्यात औषध नसतं, प्राणवायूही नसतो, साधी हवा असते. पहिले काही आठवडे मास्क नकोसा होतो, नाक कोरडं पडतं, कडेनं हवा फुसफुसते. मास्कचं माप बदलून आणि यंत्राला दमट हवेची जोड देऊन यातलं बरंच सुटतं. आपल्याकडं रात्री वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरच्या लाइनवर एक प्लग यंत्रासाठी ठेवावा. यंत्राची किंमत हजारो रुपयांत जाते आणि गरीब घराला ती झेपत नाही, हे खरंच आहे. म्हणून घेण्याआधी काही रात्री भाड्यानं लावून पाहता येतं का, ते विचारावं.

यंत्र हा सर्वांवरचा तोडगा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या रुग्णांत यंत्रामुळं पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग कमी झाली, मन बरं राहिलं. पण ते लोक रात्री सरासरी साडेतीन तासही मास्क लावत नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवं. सौम्य आजारात कुशीवर झोपायची सवय, रात्रीची दारू बंद, नाक मोकळं ठेवणं, दाताच्या डॉक्टरांकडून जबडा पुढं धरणारी पट्टी, एवढ्यानं बराच फरक पडतो. वजनाचा हिशेब तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात सरळ मांडलेला आहे: वजन १० टक्के वाढलं तर अडणाऱ्या श्वासांचा आकडा सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो, १० टक्के घटलं तर सुमारे २६ टक्क्यांनी उतरतो. ‘नाकाचं हाड वाढलंय, ते कापलं की घोरणं जाईल’ असं मात्र समजू नये. नाक मोकळं झालं तर मास्क सोसतो, पण घसा मिटायचा तो मिटतोच.

शेवटी शस्त्रक्रियेबद्दल. हर्निया, पित्ताशय, गर्भाशय, गुडघा, कशाचंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा की हा माणूस झोपेत घोरतो आणि त्याचा श्वास अडतो. भुलीची आणि नंतरची वेदनाशामक औषधं घसा सैल करतात आणि मेंदूचा जागं करण्याचा हुकूमही मंद करतात. आधी कळलं तर डॉक्टर औषधांचा बेत बदलतात, ऑपरेशननंतरच्या रात्री ऑक्सिमीटर लावून नजर ठेवतात, डोकं उंचावर ठेवतात. घरी सीपॅप असेल तर ते पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचं, आणि रात्री सोबतीला थांबणाऱ्यानं मास्क लावलाय की नाही ते पाहायचं.